बशीच्या तळाशी

४ फेब्रुवारी

दादा,

पत्र बघून कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. फोन तू उचलत नाहीस. वहिनी दर वेळी "ते बाहेर गेलेत" म्हणतात आणि मागे तुझं खोकणं मला स्वच्छ ऐकू येतं. त्या बिचारीला किती दिवस खोटं बोलायला लावणार आहेस? म्हणून कागद. कागदाला काही तू बाहेर गेलोय म्हणून सांगू शकत नाहीस.

मुख्य म्हणजे आईच्या गुडघ्याबद्दल लिहायचं होतं. तिला म्हणावं, उजव्या पायावर भार देऊन जिना चढू नकोस. डॉक्टरांनी दिलेला पट्टा ती कपाटात घडी घालून ठेवते आणि विचारलं की "घातलाय की" म्हणते. तो उजव्या गुडघ्यावर नीट बसतो की सैल होतो, एकदा तू स्वतः बघ. सकाळी गरम पाण्याचा शेक द्यायचा, पण पाणी उकळतं नको. आणि तिला एवढ्यात धक्क्यावर येऊ देऊ नकोस, तिथले दगड ओले असतात. एकदा का उजवा गुडघा धरला की या वयात तो लवकर सुटत नाही. माझ्याबरोबर काम करतो तो चष्मा (आम्ही त्याला चष्माच म्हणतो, तोही ओ देतो), त्याच्या मावशीचं असंच झालं. तिने दुर्लक्ष केलं आणि आता काठी घेऊन फिरते. ती म्हणे आता काठीने सगळ्यांना हाकते, तेव्हा आपल्या आईच्या हाती काठी द्यायची वेळ येऊच नये.

मी बरी आहे. आमची प्रयोगाची टाकी गळत होती, ती रिकामी करून दुरुस्त केली. बाकी विशेष काही नाही.

हां, एक किरकोळ काम होतं. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या त्या कारखान्याची चाचणी आता सुरू झाली आहे. मागे उरलेलं खारं पाणी नळाने खाडीत सोडताहेत. वारा नसेल अशा दिवशी नळाच्या तोंडाजवळून पाण्याच्या तीन बाटल्या भरून पाठवशील का? एक वरची, एक मधली, आणि एक अगदी तळाची, बाबा ज्याला बशी म्हणायचे त्या खोलगट खड्ड्यातली, जिथे तुझे कालवांच्या बीचे ट्रे ठेवलेले असतात. बाटलीचं झाकण खाली गेल्यावरच उघडायचं आणि तिथेच लावायचं. घाई नाही. म्हणजे जमलं तर याच महिन्यात. म्हणजे शक्य तेवढं लवकर.

पट्ट्याचं विसरू नकोस.

तुझी
टाकीबाई


१२ फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही. मला अपेक्षाच नव्हती असं लिहिणार होते, पण मी रोज दोनदा टपालाच्या पेटीत हात घालून बघते, तेव्हा कशाला खोटं बोलू?

सभेतलं तुझ्या मनातून गेलं नाही, ठाऊक आहे मला. तू उभा राहिलास आणि म्हणालास, कारखान्याचं खारट पाणी समुद्रावर तेलासारखं पसरेल आणि आम्हाला त्यातून होड्या हाकाव्या लागतील. मी माइक ओढला आणि म्हणाले, जड पाणी वर तरंगत नाही, हे शाळेत शिकवतात. अख्खं सभागृह हसलं. तू म्हणालास, "टाकीबाई, समुद्र तुमच्या टाकीत मावत नाही." त्यावरही हसले, पण जरा कमी. त्यानंतर आपण बोललेलो नाही.

त्या मुद्द्यावर मी अजूनही बरोबर आहे. तू रागावलास म्हणून जड पाणी काही वर येणार नाही. ते खालीच जातं. पण खाली गेल्यावर त्याचं काय होतं, तिथे मी बरोबर आहे का, हे मला आता माहीत नाही. घे, लिहून टाकलं. हे अजून मी चष्म्यालाही नीट सांगितलेलं नाही.

तू म्हणशील, सरळ सांग. सांगते. नळाच्या टोकाला तोट्या आहेत, त्या तिरक्या वर तोंड करून बसवल्या आहेत. खारं पाणी त्यातून जोरात वर उडतं. या झोतात भयंकर खळबळ असते, आणि जिथे खळबळ तिथे मिसळणं. झोत आजूबाजूचं साधं पाणी ओढून घेत जातो आणि पातळ होत जातो. तो नुसता समुद्राइतकाच जड असता तर सरळ लांबवर गेला असता आणि विरून गेला असता. पण हा जड. थोडा वर चढतो, दमतो, कमान करून खाली येतो. खाली येईपर्यंत किती पातळ झाला, त्यावर सगळं अवलंबून. कारण एकदा तळावर चादरीसारखा पसरला की खळबळ थांबते. वर हलकं, खाली जड असं बसलं की ती दोन पाण्यं एकमेकांत जायलाच तयार नसतात. एका घरात राहून न बोलणाऱ्या माणसांसारखी. कुणाबद्दल बोलतेय ते तुला कळलं असेल.

आम्ही टाकीत हेच करून बघितलं होतं. तळाजवळ खारेपणा मोजणाऱ्या सुया लावल्या होत्या. आकडे छान आले. तळाला पोचेपर्यंत मीठ जवळजवळ विरतं, असं आमचा अहवाल म्हणतो. त्यावर माझी सही आहे.

आता चूक ऐक. टाकी भरायला अख्खा दिवस जातो, म्हणून प्रत्येक प्रयोगानंतर पाणी बदलायचो नाही. लाकडी वल्ह्याने ढवळायचं, पाणी शांत होऊ द्यायचं आणि पुढचा प्रयोग. फक्त वल्हं तळाला टेकवायचं नाही, अशी साहेबांची सक्त ताकीद, कारण तळाशी सुया. त्या नाजूक आणि परदेशी, एक मोडली की वर्षभर दुसरी येत नाही. आम्ही सगळे इमानदारीने तळ सोडून ढवळत राहिलो. आणि प्रयोग सुरू करण्याआधी मीटर शून्यावर आणायचा, ही आमच्याकडची पहिली सवय, हात धुतल्याशिवाय जेवायला बसत नाहीत तशी. म्हणजे बघ, काल खाली बसलेलं मीठ खालीच आहे, आणि आज सकाळी मी त्यालाच शून्य म्हणतेय. त्याच्यावर आणखी जे पडेल तेवढंच मोजतेय.

टाकी गळली म्हणून रिकामी केली. नवं पाणी भरलं. सहज एक प्रयोग करून बघितला, तर तळाचा आकडा अहवालातल्या आकड्याच्या दुपटीहून जास्त. सुई बिघडली म्हणून बदलली. तोच आकडा. दुसरी बदलली. तोच. तेव्हा मला ते वल्हं आठवलं.

कुणी फसवाफसवी केलेली नाही. नीटनेटकेपणा केला, त्याचा हा प्रताप.

बाटल्या पाठव. कृपा करून पाठव.

छोटी


१६ फेब्रुवारी

दादा,

साहेबांना सांगितलं. ते पाणी प्यायले, मग म्हणाले, "एका प्रयोगावरून आरडाओरडा नको. खाडीत कारखान्याने मीटर लावलेत, त्यात काहीच दिसत नाहीये." खरं आहे, दिसत नाहीये. मीटर कुठे लावलाय ते मी नकाशावर बघितलं. बशीच्या बाहेर, उंचवट्यावर. तिथे वाहून जाणारं पाणी आहे, तिथे कसं दिसेल? आमच्या टाकीच्या कोपऱ्यात जे झालं तेच बशीत होणार. बाहेर पडायला वाट नाही आणि ढवळायला कुणी नाही.

साहेब वाईट माणूस नाहीत. "पुरावा आण, मी स्वतः तुझ्याबरोबर येतो," असंही म्हणाले. पण पुरावा बशीत आहे, बशी तुझी आहे आणि तू माझ्याशी बोलत नाहीस.

आता महत्त्वाचं. वीस तारखेपासून चाचणी पूर्ण जोरात चालणार. त्यानंतर लगेच अर्ध्या चंद्राचे दिवस येताहेत. भरती-ओहोटी जेमतेम, पाणी आळशासारखं जागच्या जागी. त्यात वारा पडला तर तळाचं पाणी हलणारच नाही. खालच्या थराला वरून हवा मिळणार नाही. मोठी कालवं शिंपा मिटून काही दिवस काढतील, पण बी नाही काढणार.

ट्रे उचल. बशीतून वर काढ आणि तराफ्याला टांग, मधल्या खोलीवर.

मला माहीत आहे मी काय मागतेय. वर लाटा आहेत, बी एकमेकांवर घासेल, वाढ खुंटेल. बशीत ठेवायचं ते याच्यासाठीच, हे बाबांनी मला तुझ्याआधी सांगितलं होतं, कारण तू तेव्हा ऐकत नव्हतास. मी चुकले असेन तर तुझा हंगाम उगाच मागे पडेल आणि तू म्हणशील, आधी सभेत नाक कापलं आणि आता पोटावर पाय दिला. मी बरोबर असेन आणि तू उचलले नाहीस, तर पुढच्या वर्षी बशीत काहीच नसेल. दोन्हीकडून मीच. मला रोज वाटतं की आपण उगाच घाबरतोय, आणि रोज जेवणाच्या सुट्टीत मी परत गणित मांडते. ते परत तिथेच येतं.

वहिनींना फोन केला होता. "वाचतात हो ते, पण सांगत काही नाहीत," म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "हल्ली नीट जेवतही नाहीत." मी विचारलं, ट्रे कुठे आहेत? त्या म्हणाल्या, "मला बाई त्यातलं काही सांगत नाहीत." त्या खोटं बोलतात तेव्हा "बाई" म्हणतात, हे माझ्या लक्षात आहे. पण कुठलं खोटं, ते कळेना.

एक ओळ लिही. शिवी दिलीस तरी चालेल.

छोटी


२६ फेब्रुवारी

दादा,

आज इथे वारा नाही. माझ्या टेबलासमोरच्या खिडकीतून बेकरीचं धुरांडं दिसतं. रोज त्याचा धूर निघाला की लगेच मान वाकडी करतो आणि पसरतो. आज सरळ वर चाललाय, दोरीसारखा. गरम, हलका, म्हणून चढतोय. सुंदर दिसतं. मी सकाळपासून तेच बघतेय.

तिथेही वारा नसेल. तुमचं-आमचं आभाळ काही फार वेगळं नाही.

चष्मा म्हणाला, "तू अशी बसलीयेस जणू दवाखान्याबाहेर." मी म्हटलं, तसंच समज. त्याने चहा आणून ठेवला, तो थंड झाला. मग तो म्हणाला, "तुझा भाऊ उचलेल गं." मी म्हटलं, तू माझ्या भावाला ओळखत नाहीस. तो एकदा नाही म्हणाला की नाही. लहानपणी त्याने एक भाजी खायची नाही म्हटलं, ती अजून खात नाही, आणि ती का आवडत नाही, ते आता त्यालाही आठवत नाही.

दादा, मी रजा टाकून येणार होते. बॅगही भरली. मग वाटलं, मी दारात उभी राहिले आणि तू आत निघून गेलास, तर? त्यापेक्षा पत्र बरं. पत्राच्या तोंडावर कुणी दार लावलं तरी पत्राला कळत नाही.

ट्रे उचललेस का? एवढंच सांग.

छोटी


३ मार्च

दादा,

खोका आला. आत चिठ्ठी नाही, तुझा जुना फाटका स्वेटर आणि त्यात गुंडाळलेल्या तीन बाटल्या. गळ्याला सुतळी, वरच्या बाटलीला एक गाठ, मधल्या बाटलीला दोन, तळाच्या बाटलीला तीन. बाबांची पद्धत. मी खोका उघडला आणि स्वेटर नाकाला लावून बसले. चष्मा लगेच कामाचं निमित्त काढून बाहेर गेला.

वरची बाटली: साधं समुद्राचं पाणी. मधली: जवळजवळ तेच. तळाची मी आधी नुसतीच काचेच्या उंच भांड्यात, साध्या खाडीच्या पाण्याखाली, नळीने हळूच सोडली. ते पाणी खाली जाऊन बसलं, आणि मध्ये एक आरशासारखी रेघ आली. दुपारभर ती रेघ हलली नाही. मग मीटर लावला. या वेळी शून्यावर आणला तो आधी शुद्ध पाण्यात, नव्या भांड्यात, तीन वेळा.

टाकीत नव्या पाण्यावर जे आलं होतं, त्याहूनही जास्त. कारण टाकीत एक दिवसाचं होतं, बशीत आठवड्याचं.

साहेबांनी रेघ बघितली. मग म्हणाले, "सही माझीही आहे." त्यांनी माझ्यासमोरच फोन केला. चाचणी कालपासून थांबवली आहे. तोट्या बदलतील, नळ बशीच्या पलीकडे वाहत्या पाण्यात नेतील, किंवा सोडण्याआधीच साधं पाणी मिसळून झोत हलका करतील. त्यातलं काय, ते ठरायचंय. दहा तारखेला पुन्हा सभा आहे. त्याच सभागृहात. अहवाल चुकला, कसा चुकला, हे मी बोलायचं, असं मीच मागून घेतलंय.

घाबरलेय. साहेब म्हणाले, थोडक्यात सांग आणि खाली बस. पण थोडक्यात सांगून होणार नाही. वल्ह्याचं सांगावं लागेल, सुयांचं सांगावं लागेल, लोक हसतील. हसू देत.

ट्रेचं विचारत नाही. तू बाटल्या भरायला खाली गेलास, म्हणजे काय दिसलं ते तुला दिसलंच असेल. माझ्या पत्रांवर विश्वास ठेवायला मी तुला फारसं कारण दिलं नव्हतं, तेव्हा जे झालं असेल त्याबद्दल तुला मी कधीही काही म्हणणार नाही. बी गेलं असेल तर पुढच्या हंगामाला मी येईन, बशी साफ करायला. पाण्यात तुझ्याइतकी राहू शकत नाही आता, पण येईन.

एक मागते. त्या दिवशी पहिल्या रांगेत बस. मला फक्त ओळखीचा चेहरा हवाय, रागावलेला असला तरी चालेल.

छोटी


६ मार्च

टाकीबाई,

मला पत्र लिहायची सवय नाही, तेव्हा जे येईल ते वाच.

आईचा दुखतो तो डावा गुडघा. उजवा ठणठणीत आहे, त्याच पायाने ती मला अजून लाथ मारू शकते. तू पहिल्या पत्रात पान भरून उजव्या गुडघ्याबद्दल लिहिलंस. तुझी वहिनी वाचून म्हणाली, पोरीचं लक्ष ठिकाणावर नाही. मी म्हटलं, लक्ष बरोबर ठिकाणावर आहे, फक्त ठिकाण सांगत नाहीये. लहानपणी काही फोडलंस की तू आधी माझ्या अभ्यासाची चौकशी करायचीस. वर गोड गोड आणि खाली भलतंच. तुझ्या पत्राच्या शेवटाजवळ वाचलं, "घाई नाही", आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रे उचलले. तुझं दुसरं पत्र तेव्हा यायचं होतं.

बी बरं आहे. थोडं घासलंय. वाढेल.

लगेच कळवलं का नाही? राग होता. तुझी पत्रं आली की वाटायचं, आज लिहू. मग सभागृह आठवायचं. हिने दोनदा पेन आणून हातात दिलं. थोडा राग अजून आहे, तो तू आल्यावर बोलू.

बाटल्या भरायला गेलो तेव्हा बघितलं. बशीच्या काठावर पाणी थरथरत होतं, साखरेचा पाक पाण्यात ओतला की थरथरतं तसं. हात घातला की कळत होतं. खेकडे सगळे काठावर चढून बसले होते. वर काही नाही. वर अगदी नेहमीचं पाणी. म्हणजे जड पाणी वर तरंगत नाही. झालं समाधान?

आता नीट वाच. ट्रे उचलले तेव्हा मी बाकीच्यांनाही सांगितलं. त्यांनी विचारलं, कोण म्हणतं? मी म्हटलं, माझी बहीण. त्यांनी विचारलं, तीच का, तुला सभेत शाळेत पाठवणारी? म्हटलं, तीच. तू तोवर तसं काही लिहिलेलं नव्हतंस, तरी सांगितलं. बहुतेकांनी उचलले. तांबड्या होडीवाल्याने नाही उचलले. तो म्हणाला, अहवालात लिहिलंय मीठ विरतं, छापलेलं आहे, सही आहे. त्याचं सगळं बी गेलं. मी त्याच्याबरोबर ट्रे वर काढले. वास येत होता.

दहा तारखेला तो येणार आहे. तो तुला विचारेल. त्याला उत्तर दे, साहेबांना देऊ देऊ नकोस. आणि शाळा काढू नकोस.

मी पहिल्या रांगेत बसणार नाही. त्याच्या शेजारी बसणार आहे. बोलताना आमच्या दोघांकडे बघ.

आईपण येते म्हणतेय. पट्टा घालायला लावलाय, डाव्या पायाला.

दादा